अलॉटमेंटच्या वहीतले भोपाळ

नेहरू नगरात जुन्या इमारती कोणत्या, असे भोपाळमध्ये कुणालाही विचारा. तो आधी हसेल. जुन्या इमारती बघायच्या तर इक्बाल मैदानाकडे जा, शौकत महाल बघा, गौहर महाल बघा, ताजुल मसाजिदीच्या पायऱ्यांवर घटकाभर बसा, असे तो सांगेल. नेहरू नगर म्हणजे न्यू मार्केटकडून जवाहर चौक आणि डेपो चौराहा ओलांडून भदभद्याकडे जाताना लागणारी वस्ती. पोलीस लाइन, गृहनिर्माण मंडळाच्या धर्तीची घरे, किराणा, कोचिंगच्या पाट्या, आणि शेजारी कमला नगर. म्हणजे नावापुरते तरी नवराबायको इथे शेजारी-शेजारी नांदत आहेत. यात जुने ते काय? पन्नास-साठ वर्षांचे घर आपल्या लेखी जुने नसते, जुनाट असते. ते पाडले तर बातमी होत नाही, कोणी हळहळत नाही. ही समजूत चुकीची आहे असे माझे मत आहे, आणि तिची किंमत आपण मोजतोच आहोत.

त्या समजुतीला अपवाद नेहरू नगरच्या पत्त्यावरच उभा आहे. टेकडीवर भारतीय वन प्रबंध संस्थेचा परिसर आहे. संस्था १९८२ ची, आणि इमारती रचल्या अनंत राजे यांनी. राजे मुंबईचे, फिलाडेल्फियात वास्तुकार लुई कानच्या हाताखाली घडलेले, आणि १९७४ मध्ये कान गेल्यावर अहमदाबादच्या आयआयएमचे राहिलेले काम पुढे नेणारे. टेकडीवरच्या त्या मोकळ्या चौकांतून आणि भक्कम भिंतींच्या कडेने हिंडताना मला मांडूची आठवण येते. वास्तुशास्त्र शिकणाऱ्यांना ही इमारत पुस्तकांतून ठाऊक असते. वय जेमतेम चाळीस, तरी उद्या तिला वारसा म्हटले तर कोणी आक्षेप घेणार नाही, कारण तिला कर्ता आहे, त्याचे नाव आहे, नकाशे जपलेले आहेत. टेकडीखालच्या घरांपाशी यातले काहीच नाही. कुठल्याशा खात्यातल्या कुठल्याशा ड्राफ्ट्समनने एक साचा काढला आणि त्या साच्यातून रांगाच्या रांगा उठल्या. त्या घरांत वास्तुकाराची प्रतिभा शोधणे व्यर्थ आहे. त्यांच्यात बघण्यासारखे आहे ते वेगळेच: तिथे कोण राहिले, कोणामागून कोण आले, आणि ते तिथे आलेच कसे.

मराठी माणसाला भोपाळ ठाऊक असते ते बाजीरावामुळे. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला इथे कोंडले आणि पुढच्या जानेवारीत दुराह्याला तह झाला, एवढे शाळेत वाचलेले असते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा दिला, पण वजीर मुहम्मद खानाने शहर राखले. ते वेढ्याचे दिवस गेले. नागपूरकर भोपाळात खऱ्या अर्थाने शिरले ते १९५६ साली, हातात तलवारीऐवजी फायली घेऊन.

१ नोव्हेंबर १९५६ ला जे मध्य प्रदेश जन्माला आले ते चार तुकड्यांचे होते. जुन्या मध्य प्रांतातून विदर्भाचे आठ मराठी जिल्हे वजा जाऊन उरलेला भाग, ग्वाल्हेर-इंदूरचा मध्य भारत, रीवा-सतन्याकडचा विंध्य प्रदेश आणि बेगमांचे चिमुकले भोपाळ. राज्य पुनर्रचना आयोगाने राजधानीसाठी जबलपूर सुचवले होते. झाले भोपाळ. मग रुसवेफुगवे काढण्यासाठी उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला आणि लोकसेवा आयोग इंदूरला गेला. सचिवालय मात्र भोपाळला आले आणि त्याच्याबरोबर कारकून, हेडक्लार्क, स्टेनो, अकाउंटंट, चपराशी असे सगळे लटांबर आले. १९५१ च्या जनगणनेत या गावची वस्ती एक लाखाच्या आसपास होती. जिल्ह्याचे ठिकाणसुद्धा ते नव्हते. जिल्हा सीहोर, आणि भोपाळ जिल्हा वेगळा झाला तो १९७२ मध्ये. विधानसभा मिंटो हॉलमध्ये बसवता आली. मंत्र्यांना नवाबी कोठ्या मिळाल्या. पण कारकुनाला कुठे बसवणार?

या कारकुनांत मराठी माणूस दोन वाटांनी आला. एक नागपूरची वाट. १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात मराठी कारकुनांच्या पिढ्या सचिवालयात मुरलेल्या. पुनर्रचनेत जमिनीसारखी माणसांचीही वाटणी झाली. कोणी मुंबई राज्याच्या वाट्याला गेला, कोणी नव्या मध्य प्रदेशाच्या. दुसरी वाट ग्वाल्हेर-इंदूरची, शिंदे-होळकरांच्या दरबारी नोकरीतून आलेली. मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी फिरती होती, त्यामुळे या मंडळींना दप्तर बांधून गाव बदलण्याची सवय होतीच. नागपूरकराचे तसे नव्हते. त्याचे महालात किंवा धंतोलीत घर होते, गणपतीचे मंडळ होते, उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची जागा ठरलेली होती. त्याच्या दृष्टीने भोपाळ ही शिक्षा होती. नागपूरची राजधानी गेल्याचे दुःख विदर्भात आजही बोलले जाते आणि दरवर्षीच्या हिवाळी अधिवेशनात ते उगाळलेही जाते. पण त्या राजधानीबरोबर जी माणसे उचलून नेली गेली त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

त्यांच्यासाठी जुन्या शहराच्या दक्षिणेला माळरानावर क्वार्टर उभी राहिली. वसाहतीला नाव दिले तात्या टोपे नगर, आणि लगेच त्याचे टी. टी. नगर झाले. पुढे तुलसी नगर, शिवाजी नगर झाले. पण भोपाळच्या तोंडी बसली ती नावांपेक्षा संख्या: ११०० क्वार्टर, १२५०, ७४ बंगले, ४५ बंगले. १२५० च्या दवाखान्याला जयप्रकाश यांचे नाव देऊन कैक वर्षे झाली तरी रिक्षावाल्याला आजही बाराशे पचास म्हटले की पुरते. ज्या शहराने मोहल्ल्यांना बेगमांची, बुधवार-जुमेरातीची नावे दिली, त्याच शहराच्या नव्या अर्ध्याची ओळख अशी कंत्राटदाराच्या बिलातून आली.

क्वार्टर म्हणजे काय, हे आज भोपाळबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. पुढे लहानसा व्हरांडा, सिमेंटची जाळी, दाराच्या चौकटीवर काळ्या रंगात घातलेला नंबर. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्यामागे आंगण आणि आंगणाच्या टोकाला न्हाणी. खिडक्यांना लोखंडी गज आणि गजांना सरकारी हिरवा रंग, थरावर थर चढून गज बोटभर जाड झालेले. दिवाळीच्या आगेमागे चुन्याची पुताई होई. ती व्हावी म्हणून पीडब्ल्यूडीच्या ऑफिसात खेटे घालावे लागत. आंगणात तुळशीवृंदावन घालायची परवानगी कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही, ते झाले. पेरू, आंबा, कढीपत्ता, शेवगा लावला गेला. कुटुंब वाढले की मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची खोली उठे. नियमात ती बेकायदा होती आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक घराला होती. बदली झाली किंवा निवृत्ती आली की नंबर तोच राही, पाटी बदले. कढीपत्त्याचे झाड मात्र नवा माणूस तोडत नसे.

घर मिळे ते पगाराच्या श्रेणीप्रमाणे. टाइपाचे अक्षर जितके मागचे तितक्या खोल्या कमी. ही उतरंड निर्लज्ज होती, आणि साहेबाच्या बायकोने कारकुनाच्या बायकोला कुठल्या दाराने आत घ्यायचे हेही त्यात ठरलेले होते. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. जुन्या भोपाळात, जुन्या नागपुरात, जुन्या ग्वाल्हेरात शेजार जातीने आणि धर्माने ठरे. क्वार्टरात तो मूळ वेतनाने ठरू लागला. मराठी ब्राह्मण अकाउंटंटच्या एका हाताला रीव्याचा बघेल, दुसऱ्या हाताला रायपूरकडचा छत्तीसगढी, समोर भोपाळचाच खान. नागपूरची काकू आणि रीव्याची भाभी एकाच नळावर भेटल्या. पुरणपोळी भिंतीवरून पलीकडे गेली आणि अनरसे-ठेठरी अलीकडे आली. मध्य प्रदेश नावाच्या राज्याला स्वतःचा असा एक इतिहास नव्हता. चार इतिहास शेजारी ठेवलेले होते. ते चार एकमेकांना पहिल्यांदा खरोखर भेटले ते या रांगांत. राज्याची एकी विधानसभेत झाली असे पुस्तकात लिहितात. मला ती नळावर झाली असे वाटते.

नेहरू नगर ही या गोष्टीची पुढची पायरी आहे. क्वार्टरवाल्याच्या मनात एक भीती कायम असे: निवृत्तीच्या दिवसानंतर घर सोडावे लागणार. नागपूरचे वडिलोपार्जित घर तोवर भावांत वाटले गेलेले. मग शहराच्या कडेला एखादा प्लॉट, नाहीतर गृहनिर्माण मंडळाचे हप्त्यांवरचे एलआयजी किंवा एमआयजी घर. टी. टी. नगरच्या पलीकडे, कोटरा सुलतानाबादच्या आणि भदभद्याच्या बाजूला जी घरे उठली, त्यांत अशी निवृत्तीची तजवीज पुष्कळ होती. पहिल्या पिढीने क्वार्टरातून इकडे येताना क्वार्टरची सगळी रचना डोक्यात आणली. पुढे व्हरांडा, मागे आंगण, आंगणात वृंदावन. फरक एवढाच की आता दारावरची पाटी बदलणार नव्हती.

आणि इथे एक मजेदार उलटापालट होते. सरकारी क्वार्टरात माणसे बदलत गेली आणि घर तसेच राहिले. नेहरू नगरात माणसे, निदान घराणी, तीच राहिली आणि घर ओळखू येईनासे झाले. मुलाचे लग्न झाले तेव्हा वरचा मजला चढला. आंगणावर स्लॅब पडला. पुढच्या व्हरांड्यात शटर लागून दुकान झाले. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली तेव्हा वरच्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने गेल्या. मूळचे दोन खोल्यांचे घर आजही आत आहे, आंब्यात कोय असते तसे. बाहेरून दिसत नाही. जिन्याखालच्या भिंतीवर अजून ती जुनी सिमेंटची जाळी सापडते, अर्धी विटांनी बुजवलेली. अशा घराला वारसा यादीत कुठल्या रकान्यात घालणार? दर्शनी भाग बघून वारसा ठरवायची आपली पद्धत आहे, आणि इथला दर्शनी भाग परवाच्या टाइल्सचा.

कायद्याची पद्धत तर आणखी सोपी. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे वास्तू निदान शंभर वर्षांची असल्याशिवाय तिचा प्राचीन म्हणून विचारच होत नाही. म्हणजे १९५६ च्या राजधानीचे पहिले क्वार्टर २०५६ नंतर विचाराला घेता येईल. साठीतच ते पाडले जात असेल तर शंभरी गाठायची कशी, याचे उत्तर कायद्यापाशी नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत भोपाळची निवड झाली तेव्हा निशाण्यावर शिवाजी नगर आणि तुलसी नगर होते. तिथल्या झाडांसाठी लोक रस्त्यावर आले. प्रकल्प तिथून उचलून टी. टी. नगरात नेला, ३४२ एकरांवर. क्वार्टरांच्या रांगा एकेक करून रिकाम्या झाल्या, मग जेसीबी आले.

पाडलेल्या घरांत एक दुष्यंत कुमार यांचे होते. हिंदी गझलेला ज्याने रस्त्यावर आणले तो हा कवी सरकारी नोकर होता, दक्षिण टी. टी. नगरच्या क्वार्टरात राहत होता आणि ३० डिसेंबर १९७५ ला भोपाळातच वारला. ज्याच्या ओळी आजही देशातल्या प्रत्येक मोर्च्यात म्हटल्या जातात त्याचे घर वाचले नाही. थोडी ओरड झाली, वर्तमानपत्रांनी लिहिले, झाले. मला यात एक धडा दिसतो. माणूस मोठा असून भागत नाही. घर त्याच्या मालकीचे असावे लागते. क्वार्टर कवीचे नव्हते, सरकारचे होते, आणि सरकारला स्वतःच्या मालमत्तेबद्दल आठवणी नसतात, मूल्यांकन असते. याच काळात, डिसेंबर २०२० मध्ये, अहमदाबादच्या आयआयएमने कानची वसतिगृहे पाडायचे ठरवले तेव्हा जगभरातल्या वास्तुकारांनी पत्रे लिहिली आणि संस्थेला तो निर्णय काही काळ तरी मागे घ्यावा लागला. कानच्या विटांसाठी जगाने रडावे हे ठीकच आहे. ज्या विटांना कोणी कान मिळाला नाही त्यांच्यासाठी निदान गावाने तरी चौकशी करायला हवी होती.

झाडांची गोष्ट वेगळी झाली. जून २०२४ मध्ये पुन्हा तुलसी नगर-शिवाजी नगरात मंत्री-आमदारांसाठी नवी घरे बांधायचा बेत निघाला. त्यात सुमारे २९ हजार झाडे जाणार होती. बायका झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या आणि सरकारने बेत सोडून दिला. मला त्या लढ्याचा आनंदच आहे. पण त्या झाडांतली बरीच झाडे वनखात्याने लावलेली नव्हती, ती क्वार्टरच्या आंगणातली आहेत. नागपूरहून आलेल्या कुणा कारकुनाने लावलेला आंबा, रीव्याच्या कुणी लावलेले जांभळाचे झाड. म्हणजे लोकांनी जे वाचवले तो राहणाऱ्यांचाच इतिहास होता, फक्त पानाफुलांच्या रूपात आला म्हणून तो पटला. विटांच्या रूपात आला असता तर त्याला जीर्ण बांधकाम म्हणाले असते.

आता या सगळ्याच्या विरुद्ध जे बोलले जाते तेही थोडे नाही, आणि त्यातले काही खरे आहे. शहराच्या मधोमध एकमजली क्वार्टरांच्या रांगा ठेवून बस आणि मेट्रो चालवता येत नाही. भोपाळ मेट्रोची निळी मार्गिका भदभदा चौकातून डेपो चौराहा, जवाहर चौक करीत रत्नागिरी तिराह्याकडे जायची आहे. तिच्या दोन्ही बाजूंना उंच आणि दाट वस्ती लागणारच. शिवाय ज्यांना गळक्या छताखाली तीन पावसाळे काढावे लागले त्यांना घरांचे कौतुक ऐकवणे हा चेष्टेचा प्रकार होतो. हे सगळे मान्य. सगळीच क्वार्टर शाबूत ठेवा, असे माझे म्हणणे नाहीच.

याहून कडक आक्षेप दुसरा आहे, आणि तो मराठी मध्यमवर्गाला टोचणारा आहे. क्वार्टरच्या आठवणी म्हणजे ज्यांना क्वार्टर मिळाले त्यांच्या आठवणी. ज्या मजुरांनी ती बांधली ते कुठे राहिले? नाल्याच्या काठी, तलावाच्या उतारावर, क्वार्टरच्या मागच्या पडीक जागेत. घरकाम करणारी बाई त्याच झुग्ग्यांतून यायची. मराठी घरांतल्या आठवणींच्या गप्पांत ती येते, पण बहुधा नावाविना, 'बाई' म्हणूनच. १९८४ मध्ये अर्जुन सिंह सरकारने भूमिहीनांना त्यांच्या ताब्यातल्या जागेचा पट्टा देण्याचा कायदा केला तेव्हा या माणसांच्या हाती पहिल्यांदा एक कागद आला. ज्यांच्या हाती तो आला नाही त्यांचे काय होते हे नेहरू नगरापासून हाकेच्या अंतरावर दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये भदभद्याची वस्ती राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने हटवली गेली. मोठ्या तलावाच्या पाणथळीचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता; भोज पाणथळ २००२ पासून रामसर यादीत आहे. तीनशेहून अधिक घरे काही दिवसांत गेली. त्या घरांचा टाइप नव्हता, नंबर नव्हता, अलॉटमेंट तर नव्हतीच.

आणि भोपाळात कोण कुठे राहत होते ही गोष्ट नुसत्या आठवणींची कधीच नव्हती. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेमधल्या रात्री कारखान्यातून विषारी वायू सुटला. पुढे शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड वायुपीडित ठरवले गेले आणि नुकसानभरपाईसाठी माणसाला आपण त्या रात्री कुठे राहत होतो हे कागदाने सिद्ध करावे लागले. मालकी हक्क तिथे कामाचा नव्हता, वास्तव्याचा पुरावा हवा होता. रेशनकार्ड असलेला तरला. भाड्याच्या खोलीत, नातेवाइकाच्या घरी, रस्त्याच्या कडेला राहणारा वर्षानुवर्षे खिडक्यांपुढे उभा राहिला. राहणाऱ्याची नोंद ठेवणे ही हौस आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे एकदा आठवावे.

शिवाय मोठ्या इमारतींच्या बाबतीत तरी आपण राहणाऱ्यांची कुठे कदर करतो? शाहजहान बेगमने बांधलेला ताजमहाल नावाचा राजवाडा भोपाळात आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना काही वर्षे तिथे ठेवले होते. मग ती कुटुंबे बैरागढला हलवली, जिथे दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. कल्पना करा, एका राजवाड्याच्या दालनांत सिंधहून आलेल्या माणसांच्या चुली पेटल्या, मुले जन्मली, माणसे गेली. राजवाड्याची माहिती सांगताना मात्र बेगम येते, दरवाजे येतात, खोल्या येतात. निर्वासित आले तर भिंती काळ्या करणारे म्हणून येतात. म्हणजे इमारत शंभरी ओलांडलेली असो की नसो, राहणारा नेहमी नुकसान करणाऱ्याच्या भूमिकेत.

मुंबईत आपण याहून वेगळे वागलो असे नाही, पण थोडे शिकलो. परळच्या बीआयटी चाळीला स्मारकाचा मान आहे, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे १९१२ ते १९३४ राहिले. तो मान योग्यच आहे. त्या चाळीतल्या इतर खोल्यांत कोण होते याची यादी कोणी मागत नाही. लंडनमध्ये घरांवर निळ्या पाट्या लावण्याची रीत १८६० च्या दशकापासून आहे. तिथेही पाटी मिळते ती नामवंतालाच. याउलट जर्मनीत गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने नाझींनी ओढून नेलेल्या सामान्य माणसांची नावे दगडांवरच्या पितळी पत्र्यावर कोरून त्यांच्या शेवटच्या घरासमोर फुटपाथमध्ये बसवायला घेतली. आता युरोपभर तसे लाखभर दगड आहेत. कितीतरी ठिकाणी घर नाही, दगड आहे. आणि आपल्याकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांना बोलते करून पुस्तक केले, २००४ मध्ये. तोवर बऱ्याच गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहू लागले होते. चिमण्या पडल्या तरी गिरणगाव पुसले गेले नाही, याचे श्रेय त्या शंभर आवाजांना आहे.

भोपाळला हे काम मुंबईपेक्षा सोपे आहे. मुंबईत माणसे शोधत हिंडावे लागले. इथे सरकारने स्वतःच यादी करून ठेवलेली आहे. प्रत्येक सरकारी क्वार्टर कोणाला, कोणत्या हुद्द्यावर असताना, कोणत्या तारखेला दिले आणि त्याने कधी सोडले, हे अलॉटमेंटच्या नोंदींत असते. मध्य प्रदेशात हे काम संपदा संचालनालयाचे. एका क्वार्टरच्या नोंदी १९५६ पासून खाली वाचत आल्या की नागपूरचे आडनाव, मग ग्वाल्हेरचे, मग रायपूरचे, मग २००० मध्ये छत्तीसगढ वेगळे झाल्यावर रायपूरचे आडनाव नाहीसे झालेले, असा राज्याचा सगळा इतिहास एका दाराशी दिसेल. राजवाड्याच्या भिंतीतून तो दिसत नाही. पाडापाडीच्या वेळी असे रजिस्टर रद्दीत जाणे ही भिंत पडण्यापेक्षा मोठी हानी आहे असे मी म्हणेन, कारण भिंत साच्यातून पुन्हा बांधता येते.

तेव्हा मागणी लहान आहे. क्वार्टर पाडायचे तर पाडा, पण पाडण्याआधी त्या रांगेच्या अलॉटमेंटच्या नोंदी राज्य अभिलेखागारात जमा करण्याची अट घाला. टी. टी. नगर, तुलसी नगर, शिवाजी नगर, नेहरू नगरची पोलीस लाइन, सगळीकडे हाच नियम. प्रत्येक वसाहतीतली निदान एक रांग, मागची पत्र्याची खोली, नळ आणि कढीपत्त्यासकट, होती तशी राखा. शंभर वर्षांची अट तिच्यापुरती बाजूला ठेवा. आणि झुग्गी हटवण्याआधी त्या वस्तीत राहणाऱ्यांची नावे, आल्याचे साल आणि मूळ गाव लिहून घ्या. सर्वेक्षण होतेच, ते फक्त तोडफोडीच्या फायलीत गाडू नका.

सरकार हे करील की नाही सांगता येत नाही. पण अर्धे काम सरकारचे नाहीच. नेहरू नगरात, कोटऱ्यात, अरेरा कॉलनीत, आणि आता पुण्यात किंवा नागपुरात परतलेल्या घरांत आजोबांचे अलॉटमेंटचे कागद गोदरेजच्या कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली पडलेले आहेत. व्हरांड्यात काढलेले फोटो आहेत, १९५६-५७ साली नागपूरला लिहिलेली पत्रे आहेत, ज्यांत घराचे कौतुक कमी आणि तक्रार जास्त आहे. ती फेकू नका. क्वार्टरचा नंबर, वसाहत, आल्याचे आणि सोडल्याचे साल, शेजारी कोण होते आणि घरी कामाला येणाऱ्या बाईचे नाव काय होते, एवढे एका कागदावर लिहून त्याला जोडा आणि गावच्या मराठी मंडळापाशी किंवा जवळच्या ग्रंथालयात एक प्रत ठेवा. कामाला येणाऱ्या बाईचे नाव आठवत नसेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा.